डॉसमध्ये जुनी मजकूर-फाइल पाहताना ‘टाइप’ अर्ध्यावर का थांबते?

वाचनालय_कार्यवाह (प्रश्न)

आमच्या वाचनालयाच्या कपाटात १९९० च्या आसपासच्या काही फ्लॉपी मिळाल्या. लेबलांवरून पाहता त्यांत पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते आणि पुस्तकांच्या याद्या असाव्यात. एका सभासदाने एमएस-डॉस ६.२२ ही आज्ञा टंकून चालवायची जुनी प्रणाली असलेला संगणक वापरायला दिला आहे आणि त्यावर ‘टाइप’ ही आज्ञा देऊन मी फाइली पाहत आहे. मजकूर इतक्या वेगाने वर सरकतो की शेवटच्या ओळी तेवढ्या हाती लागतात. पण त्याहून मोठी अडचण अशी की इतिवृत्ताची एक फाइल ‘डिर’ आज्ञेने दिसणाऱ्या फाइलींच्या यादीत चौदा हजारांहून अधिक बाइटची दिसत असताना टाइप केल्यावर जेमतेम पडदाभर मजकूर येतो आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहणारा प्रॉम्प्ट परत दिसू लागतो. शिवाय इंग्रजी पत्रांत जवळपास प्रत्येक शब्दाच्या शेवटी एखादे ग्रीक अक्षर किंवा गणिती चिन्ह येते, तर काही फाइलींमध्ये नुसत्या तुटक रेषा आणि ठोकळेच दिसतात. या फाइली खराब झाल्या आहेत असे समजावे का?

जुना_प्रोग्रामर

इतक्यात तसे समजू नका. टाइप ही आज्ञा फाइलीतले बाइट एकामागून एक पडद्याकडे पाठवते आणि त्यापलीकडे काहीही करत नाही. पडदा भरला म्हणून ना ती थांबते, ना मागे जाते.

सरकण्याचा प्रश्न सोपा आहे. कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यास मजकूर थांबतो आणि दुसरी कळ दाबल्यावर पुढे जातो. त्याहून बरा मार्ग ‘मोर’ या प्रोग्रामचा, जो १९८३ च्या डॉस २.० बरोबर आला. ‘मोर’ लिहून त्यापुढे ‘पेक्षा लहान’चे चिन्ह आणि मग फाइलीचे नाव दिले, की पडदाभर मजकूर दाखवून तो कळ दाबण्याची वाट पाहतो.

आता अर्ध्यावर थांबण्याविषयी. तुमच्या इतिवृत्तात पहिल्या पडद्यानंतर बहुधा २६ क्रमांकाचा बाइट, म्हणजेच कंट्रोल-झेड, बसलेला आहे आणि टाइप त्याला फाइलीचा शेवट मानते. ही रीत डॉसची स्वतःची नाही, ती सीपी/एम या डॉसच्या आधीच्या प्रणालीकडून आलेली आहे. गॅरी किल्डॉल यांच्या त्या प्रणालीत डिस्कच्या सूचीमध्ये फाइलीची लांबी बाइटमध्ये नोंदलेलीच नसे, ती १२८ बाइटच्या नोंदींमध्ये मोजली जाई. त्यामुळे मजकूर शेवटच्या नोंदीत नेमका कुठे संपला हे सांगण्यासाठी तिथे कंट्रोल-झेड लिहून ठेवावे लागे. डॉसच्या सूचीत पहिल्यापासून बाइटपर्यंत अचूक लांबी असते, तेव्हा या खुणेची गरज उरली नव्हती. पण सीपी/एमवरून आणलेले प्रोग्राम चालावेत म्हणून ती पाळली गेली आणि नंतरच्या कित्येक संपादकांनीही ती फाइलीच्या शेवटी घालणे सोडले नाही.

मग ही खूण फाइलीच्या मधोमध कशी आली? कॉपी आज्ञेने दोन फाइली अधिकचे चिन्ह देऊन जोडल्या, तर एरवी प्रत्येक फाइल तिच्या पहिल्या कंट्रोल-झेडपर्यंतच घेतली जाते आणि जोडाच्या शेवटी एकच खूण उरते. मात्र तीच जोडणी ‘/बी’ या स्विचसह, म्हणजे आज्ञेला जोडलेल्या पर्यायासह, केली, तर सगळे बाइट जसेच्या तसे येतात आणि मधल्या खुणाही येतात. दर सभेचे इतिवृत्त कोणी याप्रमाणे आधीच्या फाइलीला जोडत गेले असेल, तर टाइपला त्यातली पहिली सभाच दिसणार.

उरलेला मजकूर पाहण्यासाठी फाइल ‘कॉपी /बी’ने ‘कॉन’ या नावावर, म्हणजे पडद्याकडे, पाठवा, म्हणजे ती खुणेपाशी न अडता पूर्ण पडद्यावर येईल. खात्रीच करायची असेल, तर फाइल ‘डीबग’ या बाइट तपासण्याच्या प्रोग्राममध्ये उघडून ‘डी’ दाबत जा. प्रत्येक वेळी १२८ बाइट षोडशमान अंकांत आणि शेजारी अक्षरांत दिसतील; त्यात ‘१ए’, म्हणजे षोडशमानातला २६, हा आकडा कुठे येतो ते शोधा आणि ‘क्यू’ दाबून बाहेर पडा. ‘डब्ल्यू’ मात्र चुकूनही दाबू नका, कारण ती लिहिण्याची आज्ञा आहे.

कोडपेज_४३७

शेवटच्या दोन लक्षणांवर लिहितो, कारण ती वरवर सारखी भासली तरी त्यांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

इंग्रजी पत्रे बहुतेक वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत टंकलेली असावीत. तो प्रोग्राम ‘डॉक्युमेंट’ प्रकारच्या फाइलींत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवत असे, म्हणजे त्या अक्षराच्या क्रमांकात १२८ ची भर पडे. इंग्रजी ‘ई’चा क्रमांक १०१ आहे, तो २२९ झाला की आयबीएम पीसीच्या मूळ वर्णसंचात तिथे सिग्मा असतो. ‘एस’ ११५ चा २४३ होतो आणि ‘पेक्षा लहान किंवा समान’चे चिन्ह उमटते. आठवा बिट काढून टाकला की पत्र सरळ वाचता येते. यासाठी व्हर्नन ब्यूर्ग यांचा ‘लिस्ट.कॉम’ मिळवावा असे सुचवेन. १९८३ पासून शेअरवेअर (आधी वापरा, मग पैसे द्या) म्हणून फिरलेला हा छोटा प्रोग्राम मूळ फाइलीला हात न लावता आठव्या बिटाविना मजकूर दाखवू शकतो, मागे-पुढे जातो आणि शब्दही शोधतो. डॉससाठी फाइल पाहण्याचे याहून चांगले साधन माझ्या मते झाले नाही.

रेषा आणि ठोकळे असलेल्या फाइली मात्र मराठी असण्याची दाट शक्यता आहे. त्या काळी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की नेहमीच्या डॉस प्रोग्राममध्ये देवनागरी उमटत असे आणि फाइलीत मजकूर इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतांत साठवला जाई. हेच संकेत पुढे १९९१ मध्ये आयएस १३१९४ या भारतीय मानकात आले. इस्कीमध्ये ‘क’ १७९ वर आणि ‘ह’ २१६ वर आहे, तर पीसीच्या वर्णसंचात १७९ ते २१८ या जागा तक्त्यांच्या एकेरी-दुहेरी रेषांना दिलेल्या आहेत. म्हणजे आपली झाडून सगळी व्यंजने रेषांच्या प्रदेशात येतात. पहिली वेलांटी २१९ वर असल्याने तिच्या जागी भरीव ठोकळा दिसतो. अशी फाइल टाइप केली, की कोणीतरी तक्ता फोडून विखरून टाकावा तसे दिसते, पण मजकूर अबाधित असतो.

या फाइलींवर वर्डस्टारचा उपाय चुकूनही करू नका. आठवा बिट काढला तर ‘क’चा ५१, म्हणजे इंग्रजी तीनचा अंक होईल, आणि तशी फाइल जतन केली तर त्यातून मराठी परत काढणे अतिशय कठीण जाईल, कारण मुळातले अंक कोणते आणि व्यंजनांचे झालेले अंक कोणते हे सांगता येणार नाही. त्या फाइली आहेत तशाच नव्या संगणकावर न्या. विंडोजमध्ये ५७००२ हे कोडपेज (वर्णसंचाचा तक्ता) देवनागरी इस्कीसाठीच आहे आणि आयसीयू या प्रोग्रामरांसाठीच्या युनिकोड संग्रहातही इस्कीवरून युनिकोडमध्ये नेण्याची सोय आहे.

कन्सोल_वाचक

वरच्या दोन्ही उत्तरांना थोडी पुरवणी जोडतो. फ्लॉपीवर आधी लेखन-प्रतिबंध करा. पण त्यानंतर टाइपच्या पुढे उभी रेघ देऊन मोर जोडू नका, निदान ए ड्राइव्हच्या प्रॉम्प्टवर तरी नाही. युनिक्समध्ये अशा जोडणीत दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालतात, तर डॉस पहिल्याचे सगळे उत्पादन एका तात्पुरत्या फाइलीत लिहून मग दुसऱ्याला देतो, आणि ‘टेम्प’ची, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची, जागा ठरवून दिलेली नसेल तर ती फाइल चालू ड्राइव्हवर लिहू पाहतो, तेव्हा फ्लॉपीवर लिहिता येत नसल्याची त्रुटी येईल. ‘पेक्षा लहान’च्या चिन्हाने फाइल थेट मोरला दिली, की हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरे, त्या संगणकाच्या ‘कॉन्फिग.सिस’ या डॉस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीमध्ये ‘अ‍ॅन्सी.सिस’ या पडदा-कळफलकाच्या ड्रायव्हरची ओळ असल्यास फाइली तपासून होईपर्यंत ती काढून ठेवा. तो ड्रायव्हर चालू असला, की फाइलीतल्या एस्केप क्रमांनी (एस्केप या संकेताने सुरू होणाऱ्या सूचनांनी) पडद्याचे रंग तर बदलतातच, पण एखाद्या कळीवर भलतीच आज्ञाही बसवता येते. निव्वळ टाइप करून पाहिलेल्या फाइलीने कळफलकात असा बदल करणे त्या काळी खोडी म्हणून चाले.

वाचनालय_कार्यवाह

सर्वांचे आभार. ‘कॉपी /बी’ने कॉनवर पाठवल्यावर इतिवृत्ताची फाइल शेवटपर्यंत आली, एका सभेचा मजकूर संपून दुसरीचा सुरू होतो तिथे उजवीकडे वळलेला एक बाण दिसतो. हीच ती खूण का? आणि हार्ड डिस्कवर प्रत घेताना साधी कॉपी पुरेल, की तिथेही ‘/बी’ लागेल?

जुना_प्रोग्रामर

होय, २६ क्रमांकाचे चित्र बाणाचेच आहे. एकेका फाइलीची डिस्कवरून डिस्कवर प्रत घेताना साधी कॉपी सूचीतल्या लांबीनुसार सगळे बाइट नेते, त्यामुळे स्विच नाही दिला तरी चालेल. जोडणी करताना मात्र तो विसरू नका.