मदत हवी आहे: कीक्लोकचं होस्टनेम बदलायचंय, पण ६० जणींच्या पासकी जाऊ द्यायच्या नाहीत

उमरेडरोड
नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यातल्या बचत गटांच्या एका संघाचं कॉम्प्युटरचं काम मी पाहतो. नंदनवनातल्या ऑफिसात छोटा सर्व्हर आहे. त्यावर लॉगिन सांभाळणारं कीक्लोक २६, मागे डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस, पुढे वेब सर्व्हर एनजिनएक्स. नेक्स्टक्लाउड आणि आम्हीच लिहिलेलं हिशेबाचं अ‍ॅप, दोन्हीचं लॉगिन तिथूनच होतं. तिथे पासवर्डऐवजी पासकी चालते, म्हणजे फोनमध्ये ठेवलेली, बोट लावून उघडणारी किल्ली.

संघाचं नाव बदललं म्हणून डोमेन नवं घेतलं. जुन्याची मुदत तीन महिन्यांत संपते. रविवारी मी होस्टनेमच्या (सर्व्हरच्या वेबवरच्या नावाच्या) जागी नवं नाव टाकलं, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घेतलं आणि जुन्या नावावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) लावलं. लॉगिनचं पान नीट उघडलं. पण हिशेबाच्या अ‍ॅपने टोकनच (लॉगिन झाल्याची कीक्लोकची पावती) नाकारलं, म्हणे इश्युअर (पावती देणारा) जुळत नाही. तेवढ्यात काटोलहून एका ताईंचा फोन: "भाऊ, बोट लावा म्हणतच नाही, पासकी नाही म्हणून राहिलं." अर्ध्या तासात सगळं पूर्वीसारखं केलं.

इश्युअरचं मी शोधून काढीन. पासकीची काळजी जास्त आहे. मागच्या उन्हाळ्यात गावोगाव फिरून ६० जणींना त्या करून दिल्या. आधी पासवर्ड वहीत लिहिलेला असायचा आणि वही सगळ्या गटाच्या हाती. आता ज्या बाईचं खातं तिचंच बोट लागतं. हे मोडलं तर पुन्हा वहीवर येऊ. पासकी नव्या नावावर नेता येतात का?

जरीपटका_रूट
आधी इश्युअरचं सांगतो. टोकनमध्ये इश्युअर म्हणून सर्व्हरचा पूर्ण पत्ता असतो, होस्टनेम आणि पुढे रेल्मचं (कीक्लोकमधल्या खात्यांच्या गटाचं) नाव. अ‍ॅप तो अक्षरशः ताडून पाहतं. रीडायरेक्टने ब्राउझर नव्या दारात जातो, पण अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जुना पत्ता राहतोच. शिवाय ३०१ वर बरेच क्लायंट पोस्टचं (माहिती पाठवणाऱ्या विनंतीचं) गेट (नुसती मागणी) करून टाकतात, मग टोकनची विनंतीच फसते. प्रत्येक अ‍ॅपमध्ये पत्ता बदलावाच लागेल. आणि अ‍ॅपने माणसं इश्युअर आणि सब (कीक्लोकमधला त्या माणसाचा क्रमांक) या जोडीने ओळखली असतील तर तीच बाई नवीन खातं म्हणून येईल, जुना हिशेब दिसणार नाही. ते टेबल आधी बघा.

फुटाळा
उमरेडरोड भाऊ, पासकी नेता येत नाहीत. त्या फोनमध्ये डोमेनशी बांधलेल्या असतात, तेच तर त्यांचं संरक्षण. खोट्या नावाच्या पानावर त्या चालतच नाहीत, आणि फोनच्या दृष्टीने तुमचं नवं नावही परकंच.

आजच्या आज जुन्या डोमेनचं नूतनीकरण करा. ते सुटलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं तर त्या नावाने सर्टिफिकेट काढून हुबेहूब लॉगिनचं पान लावता येईल. ज्यांच्या बुकमार्कमध्ये जुना पत्ता आहे त्या तिथेच जातील.

उमरेडरोड
ताई, नूतनीकरण आजच करतो. पण मग ६० जणींना पुन्हा पहिल्यापासून? सध्या काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे. बायकांना एका दिवशी गोळा करणं शक्यच नाही.

फुटाळा
एका दिवशी नकोच. काही महिने दोन्ही नावं चालू ठेवा. होस्टनेमचा पर्याय रिकामा ठेवून होस्टनेम-स्ट्रिक्ट (एकच नाव पक्कं धरण्याची सेटिंग) फॉल्स केलं की विनंती ज्या नावाने येते तेच नाव इश्युअर म्हणून लागतं. एनजिनएक्सने होस्टचे हेडर (विनंती कोणत्या नावाने आली ते सांगणाऱ्या ओळी) स्वतः लिहिलेच पाहिजेत आणि या दोन नावांशिवाय तिसरं नाव आत येऊ देऊ नये. ही ढिलाई कायमची ठेवू नका. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेऊनच हात लावा.

अ‍ॅप जुन्या नावावरच राहू द्या, म्हणजे जुन्या पासकी चालतील. मग अ‍ॅडमिन कन्सोल नव्या नावाने उघडा आणि दोन-चार जणींना पासकी नोंदवायची कृती ईमेलने पाठवा. लिंकही नव्या नावाची जाईल. मुदत मुळात १२ तासांची असते, वाढवून घ्या. ईमेल पाहत नसतील त्यांचं मासिक बैठकीत शेजारी बसून करा. सगळ्या झाल्या की अ‍ॅप वळवा, होस्टनेम पक्कं लिहा आणि जुने रीडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर परत जायचे पत्ते) काढा.

या सगळ्याच्या आधी एक काम. पासकीच्या पॉलिसीत रिलाइंग पार्टी आयडी (पासकी ज्या नावाशी बांधली जाते ते) रिकामा असेल तर पूर्ण होस्टनेम धरलं जातं. तिथे नुसतं मूळ डोमेन लिहिलं तर पुढे लॉगिनचा सबडोमेन बदलला तरी पासकी टिकतात. पण दोन नावं चालू असताना ते भरलंत तर जुन्या नावाच्या पासकी तिथेच अडतील, आणि शेवटी भरलंत तर नव्या अडतील. त्यामुळे नव्या लॉगिनसाठी असं नाव ठरवा जे परत बदलावं लागणार नाही, आणि तो रकाना रिकामाच राहू द्या.

जरीपटका_रूट
ताईंना एक जोड: एसएसओची (एकदाच लॉगिन करून सगळीकडे चालण्याची) कुकी नावागणिक वेगळी असते. मधल्या काळात एखादीला दोनदा लॉगिन करावं लागेल, ते आधीच सांगून ठेवा.

उमरेडरोड
दोघांचे मनापासून आभार. डोमेनचं नूतनीकरण झालं, डंप घेतला. हिशेबाच्या अ‍ॅपचं टेबल पाहिलं, तिथे फक्त सब आहे, त्यामुळे खाती दुप्पट होणार नाहीत. शनिवारी उमरेडच्या बैठकीत ११ जणी येत आहेत, सुरुवात त्यांच्यापासून. काही अडलं तर इथेच लिहितो.