कूलरमागची पट्टेरी पाल
कूलरमागे सापडलेली पट्टेरी पाल विषारी आहे का आणि तिला काय खाऊ घालू, असं विचारलंय, म्हणून लिहितो. भाऊ, आधी डोळे बघा. भिंतीवरच्या नेहमीच्या पालीला मिटता येतील अशा पापण्या नसतात. ती जिभेनंच डोळा चाटून साफ करते. तुमची डोळे मिटत असेल, शेपूट जाड असेल आणि भिंत सोडून फरशीवरूनच चालत असेल, तर ती बिबट्या पाल, म्हणजे लेपर्ड गेको. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, गुळगुळीत भिंत चढणार कशी? या पालीच्या सातपुड्यातल्या एका जातीचं शास्त्रीय वर्णन तर पहिल्यांदा २०१४ मध्येच झालं. विषारी मुळीच नाही. आपल्याकडची कुठलीच पाल नसते. (आमच्या आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही.)

दूध-पोळी देऊ नका, ती जिवंत किडे खाते. बरणीत कोंडू नका, नागपूरच्या उन्हात भाजून निघेल. शेपूट धरलं तर तुटून हातात येईल. डबा उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, अंधार पडल्यावर कंपाउंडच्या दगडांपाशी सोडा. जखमी असेल तरच सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात न्या.