‘आंतरजालावरून साभार’ एवढं लिहिलं की झालं?

खिडकीपाशी:
लेख चांगला असतो, फोटो देखणे असतात आणि शेवटी ओळ येते, ‘सर्व प्रकाशचित्रे आंतरजालावरून साभार’. ना काढणाऱ्याचं नाव, ना मूळ पानाचा दुवा. आभार नेमके कोणाचे? आंतरजाल पहाटे उठून कॅमेरा घेऊन जात नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क काढणाऱ्याचा होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात कॉपीराइटची खूणही लागत नाही. लेखन-कलेच्या हक्कांबाबतच्या १८८६च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात ही तरतूद १९०८ पासून आहे. त्यामुळे ‘फोटोवर नाव नव्हतं, म्हणून घेतला’ ही सबब शंभर वर्षांपूर्वीच शिळी झाली आहे. माझ्या मते विचारून घ्यावा, नाहीतर फोटोविना लेख टाकावा.

उलटतपासणी:
एवढं सोवळं कशाला? माझ्या लिखाणावर जाहिरात नाही, कमाई नाही. वाचणारे मोजके. मी नावही देतो, दुवाही देतो. त्याचा फोटो चार लोकांनी जास्त पाहिला, यात त्याचं गेलं काय? आणि जिवापाड जपायचा असेल तर जालावर टाकायचाच कशाला?

खिडकीपाशी:
नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. जर्मनीतल्या एका शाळेच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याचं सादरीकरण चढवलं होतं. त्यात कोर्दोबा शहराचा फोटो होता, एका पर्यटन संकेतस्थळावरून उतरवलेला. खाली त्या संकेतस्थळाचं नावही दिलं होतं. छायाचित्रकाराने परवानगी फक्त त्या संकेतस्थळाला दिली होती. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला.

उलटतपासणी:
वा, माझाच मुद्दा मांडलात! एका पोराच्या शाळेच्या कामावरून प्रकरण थेट युरोपच्या न्यायालयात? त्याच खटल्यात न्यायालयाच्या महाधिवक्त्याचं, म्हणजे निकालाआधी न्यायाधीशांना सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याचं, मत उलट होतं, हे सोयीने गाळलंत. कायद्याच्या जाणकारांतच जिथे एकमत नाही, तिथे आम्हाला चोर ठरवून मोकळे होता.

पाणवठा:
मी पक्ष्यांचे फोटो काढतो, म्हणून मधे बोलतो. त्या निकालातलं एक कारण मला फार पटतं. फोटोचा नुसता दुवा दिला, तर मूळ फोटो मी काढून टाकताच तो सगळीकडून जातो. प्रत उतरवून दुसरीकडे चढवली की माझ्या हातात काही उरत नाही. मी एकदा घरट्याचा फोटो टाकला होता. मागच्या खडकांवरून जागा ओळखू येतेय, लोक घरट्यापर्यंत पोहोचतील असं एकाने कळवलं, तेव्हा लगेच काढला. पण तोवर तो उचलला गेला होता. एका ठिकाणी तर जागेच्या नावासकट. ‘त्याचं गेलं काय’ विचारता ना, उत्तर हे आहे. पैशाचा प्रश्नच नव्हता.
आणि हो, विचारणाऱ्याला मी नाही म्हटल्याचं आठवत नाही. विचारणारेच विरळा.

उलटतपासणी:
घरट्याचं मान्य, तो मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण सगळे तुमच्यासारखे नसतात. काहीजण जाळं लावून बसतात. आपला फोटो कुठे कुठे वापरलाय याचा जालावर चित्रावरूनच शोध घ्यायचा, सापडला की वकिलाची नोटीस आणि भलंमोठं बिल. हा धंदा झाला. पकडायचं तर मोठ्यांना पकडा.

मधल्यामधे:
मोठेही सापडतात. २०१०च्या हैतीच्या भूकंपाचे डॅनिएल मोरेल यांचे फोटो एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही फोटो विकणारी कंपनी या बड्या संस्थांनी परवानगीविना वापरले, दुसऱ्याच माणसाच्या नावाने. २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर द्यायला लावले. फोटो ट्विटरवर होते म्हणून ते फुकटचे ठरले नाहीत.
एरवी सरळ वाट आहेच. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या भावंड-संकेतस्थळावर लाखो फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे काढणाऱ्याने आधीच अटींसह दिलेल्या खुल्या परवान्याखाली मिळतात. फक्त तिथल्या बहुतेक फोटोंना काढणाऱ्याचं नाव आणि परवान्याचा दुवा द्यावा लागतो, हे लोक वाचत नाहीत. काही परवान्यांत फोटोत बदल केला तर तोही सांगावा लागतो. मग तिथूनही ‘साभार’च!

उलटतपासणी:
ठीक. पुढच्या लेखाला कॉमन्सवरचे घेईन, नावासकट. जुन्यांपैकी ज्यांचा मालक सापडेल त्यांना मेल टाकतो. पण एक सांगा, जो फोटो वीस ठिकाणी फिरलाय आणि पहिला कोणी टाकला ते कुठेच कळत नाही, त्याचं काय करायचं?

खिडकीपाशी:
काढून टाकायचा.

उलटतपासणी:
हे नाही पटत. काढणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही.

पाणवठा:
इथे मी उलटतपासणींच्या बाजूने.