अपडेट झालं आणि दुकानातला कॉम्प्युटर पासवर्डच घेईना

खानापूरची डीटीपीवाली:
मंडळी, अडकलेय. बसस्टँडजवळ आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ११ टाकायचं नुसतं चाललं होतं. काल रात्री अपडेट लावून दिलं, शटर ओढलं नि घरी गेले. आज सकाळी पासवर्ड चूक म्हणतोय. सहा वर्षं तोच पासवर्ड आहे, डोळे मिटून मारते मी. बदललेला नाही, कुणाला सांगितलेला नाही. कॅप्स लॉक बघितलं, दुसरा की-बोर्ड लावून बघितला. मध्ये तर "थोडा वेळ थांबा" म्हणून मलाच बाहेर उभं केलं. नंदगडचे एक काका लेकीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला बाकावर बसलेत, दोनदा चहा झाला. फाइल आतच. पेन ड्राइव्हवर कॉपी नाही, त्यावरून नंतर रागवा.

गणपतगल्लीवाला:
फॉरमॅट मारून घ्या वैनी. तासाभरात मोकळ्या.

निपाणीचा मेकॅनिक:
फॉरमॅटचं नाव काढू नका. वैनी, दोन गोष्टी सांगा. "पासवर्ड चूक" असंच येतंय, का पडदा काळा होऊन परत तिथंच येतोय? दोन्ही दुखणी वेगळी. आणि दुकानात कन्नड टायपिंग करता काय?

खानापूरची डीटीपीवाली:
चूकच म्हणतोय. आणि कन्नड न करून चालतंय होय? कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा झाल्यापासून पाट्यांची डिझाइनं सारखी येतात, वर लोकांचे अर्ज. आधी नुडी म्हणून कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्यावर करत होते, गेल्या वर्षी विंडोजचाच कन्नड की-बोर्ड जोडून घेतला. खरं त्याचा पासवर्डशी काय संबंध?

निपाणीचा मेकॅनिक:
तिथंच तर आहे. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची बारकी खूण असते, ती बघा. मग पासवर्डाची दोन-तीन अक्षरं मारा, चौकटीच्या कडेला डोळा उमटेल, तो दाबा. एरवी आपल्याला दिसतात नुसते ठिपके, आणि ठिपका इंग्रजीचाही तसाच, कन्नडचाही तसाच. इनस्क्रिप्ट म्हणजे आपल्या भाषांची ठरलेली की-बोर्ड मांडणी, त्यात एचवर प असतो, जेवर र, एलवर त. मराठीत तेच, कन्नडमध्ये तेच. अपडेटमध्ये भाषांची यादी खालीवर होऊन कन्नड पुढं आलं असेल, तर तुम्ही इंग्रजी समजून मघापासून कन्नड मारताय. कॅप्स लॉकचा दोष नाही, की-बोर्डचा तर नाहीच. विंडोजचं बटण दाबून धरून स्पेस दाबा, इंग्रजी आलं की सोडा.

गणपतगल्लीवाल्या भावा, फॉरमॅट मारला असता तर सी ड्राइव्हवरची पत्रिका गेलीच असती. आणि डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्याच कुलपानं, बंद झालेली असली, तर काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती कुणाकडं लिहून ठेवलेली असते?

खानापूरची डीटीपीवाली:
उघडलं!! डोळा दाबला तर आत सगळं कन्नड. माझा पासवर्ड एचनं सुरू होतो (पुढचं सांगत नाही), तिथं कन्नड "प" बसलेला, तलकट्टूसकट, म्हणजे डोक्यावरच्या खुणेसकट. काकांना कन्नड छान येतं. पुढं वाकून वाचायला गेले आणि म्हणाले, "ह्याला काय अर्थच न्हाई की ओ." तेवढं बरं झालं. आता उद्या सकाळी परत हाच खेळ काय?

निपाणीचा मेकॅनिक:
होईल, म्हणून आत्ताच करून टाका. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन. इंग्रजी यादीत सगळ्यात वर ओढा. मग त्याच पानावर खाली "अॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज" आहे. ते उघडलं की "कॉपी सेटिंग्ज" दिसेल, त्यात वेलकम स्क्रीनवर टिक करा. ही टिक लोक विसरतात, मग आतली यादी सुधारते आणि लॉगिनचा पडदा जुन्याच चालीवर राहतो. वैतागून कन्नड काढून टाकू नका, पाट्या कशावर करणार?

गणपतगल्लीवाला:
माझ्या मशीनवर तीन भाषा हाईत. आत्ताच बघूलालोय. फॉरमॅटचं सोडा वैनी, घाईत बोललो.

खानापूरची डीटीपीवाली:
टिक केली, दोनदा रिस्टार्ट करून बघितलं, कोपऱ्यात इंग्रजीच येतंय. मेकॅनिकदादा, खानापूरला आलात तर चहा आमच्याकडं. प्रूफ काकांच्या हातात आहे, आणि धाकट्या मामाचं नाव राहिलंय म्हणतात. आधी पेन ड्राइव्ह लावते, मग मामा घालते.