होमस्टेसाठी लाकडावरचा मोठा बंब : पत्रा कोणता घ्यावा?

प्रश्न

महाबळेश्वरजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे असून पावसाळ्यात वीज वरचेवर जात असल्यामुळे गिझरच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून मागच्या पडवीत लाकडावर चालणारा २०० लिटरचा बंब बनवून घेण्याचा विचार आहे. आजीचा तांब्याचा बंब अजून शाबूत आहे, परंतु तो वीस लिटरचा आहे आणि त्याच्या दहापट तांबे आज परवडण्यासारखे नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, जीआय पत्रा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा) गंजत नाही, तोच घ्या. शेजाऱ्यांचा आग्रह स्टेनलेस स्टीलचा आहे. पाणी बोअरवेलचे असून बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो : आगीच्या बाजूला जीआय अजिबात नको. त्यावरचे जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, त्यामुळे भट्टीत मुलामा टिकत नाही. शिवाय असा पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला, की वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

तांबे एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) सात-आठ पट वेगाने उष्णता वाहून नेते हे खरे, पण बंबात अडसर धातूचा नसून ज्वाळेतील वायूंकडून पत्र्याला उष्णता मिळण्याचा असतो. म्हणून महाग धातूपेक्षा पाण्यातून जाणाऱ्या धुराच्या नळ्या वाढवण्यावर खर्च करावा. भट्टीला ६ मिमी आणि बाहेरच्या टाकीला ४ मिमी एमएस प्लेट पुरते.

मात्र एमएसमध्ये आंघोळीचे पाणी थेट तापवू नये. रोज ताजे पाणी येते, त्याबरोबर विरघळलेला प्राणवायू येतो आणि महिन्याभरात बादलीत तांबूस पाणी उतरते. टाकीतले पाणी तेच ठेवून त्यात गंजरोधक घालावे व आंघोळीचे पाणी त्यात बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलमधून (वेटोळ्या नळीतून) न्यावे. १५ मिमीची बारा मीटर नळी एका वेळी एका न्हाणीघराला पुरेल. क्षार धरले, की सायट्रिक ॲसिड फिरवून ती साफ करता येते.

उत्तर २

आमचा बंब दीड मिमी जाडीच्या, ३०४ या प्रतीच्या स्टेनलेसचा होता. दुसऱ्याच वर्षी भट्टीच्या दाराशेजारी, वेल्डच्या कडेने केसासारख्या चिरा पडल्या आणि राखेत पाणी ठिबकू लागले. वेल्ड मारले, की चीर बोटभर पुढे सरकायची. पाणी तपासल्यावर त्यात क्लोराइड बरेच निघाले. गरम पाणी, क्लोराइड आणि वेल्डमुळे राहिलेला ताण एकत्र आले, की ३०४ तडकते, हे आम्हाला पैसे गेल्यावर कळले. त्यामुळे आपण आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक, भट्टीच्या तळाशी अग्निविटा फायरक्लेमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मातीत) बसवाव्यात. सिमेंटचा सांधा त्या उष्णतेत भुसभुशीत होतो. बंब बंद असेल तेव्हा राख आत ठेवू नये, कारण आपल्याकडच्या पावसात ती ओल धरते आणि तळ खाते. आमच्या भाच्याने एकदा ती जुलैभर तशीच ठेवली होती!

उत्तर ३

धातूची चर्चा योग्यच आहे, पण टाकीच्या माथ्यावरून वर उघडी जाणारी नळी कोणीच सांगितली नाही. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६०० लिटर जागा मागते; तिला वाट मिळाली नाही, तर टाकी फुटू शकते. त्या नळीवर व्हॉल्व्ह बसवू नये, ती २५ मिमीपेक्षा बारीक ठेवू नये आणि फॅब्रिकेटरने ‘पाणी उडते’ म्हणून टोपी लावायला सांगितली, तरी लावू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एमएसची टाकी आणि तांब्याची कॉइल असे ठरवत आहे. पाण्याचा नमुना सोमवारी साताऱ्याला देईन. उत्तर २ लिहिणाऱ्यांना एक विचारायचे राहिले : धुराडे आपण कशाचे केले होते? आमच्या आराखड्यात तेही जीआयचेच दाखवले आहे.

उत्तर २

बंबापासून पहिले दीड मीटर एमएसचे, ३ मिमी जाडीचे. त्यावर जीआय चालले, पण ओले लाकूड जाळले, की आतून डांबरासारखा चिकट थर धरतो. म्हणून तळाशी साफसफाईचे झाकण अवश्य ठेवावे.