'टेल्स फ्रॉम अर्थसी'ला नावं ठेवणारे सगळे पुस्तकी किडेच असतात का?

खडूस_वाचक

परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं होतं की घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या, ले ग्विनबाईंच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या 'टेल्स फ्रॉम अर्थसी'ला नावं ठेवणारे सगळे पुस्तकी किडे आहेत, त्यांना पानापानाची झेरॉक्स पडद्यावर हवी असते. वाचून डोक्यात तिडीक गेली. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

झेरॉक्स कुणाला हवी आहे? घिबलीच्याच 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मध्ये थोरल्या मियाझाकींनी, म्हणजे हायाओंनी, डायना विन जोन्सच्या १९८६च्या कादंबरीचं काय ठेवलं? हाउल मुळात वेल्सचा, तो भागच उडवला. सोफीच्या बहिणींचं कथानक जवळजवळ गायब. उलट पुस्तकात कुठेतरी कोपऱ्यात असलेलं युद्ध सिनेमाभर पसरवलं. तरी तो सिनेमा मी दरवर्षी बघतो. त्यांनी बदल केले ते काहीतरी सांगायचं होतं म्हणून.

'अर्थसी' काढणाऱ्या त्यांच्या मुलाला, गोरोसाहेबांना, काय सांगायचं होतं? अर्थसी मालिकेतल्या 'द फार्दस्ट शोअर'मधला आरेन हा बापाचा निरोप घेऊन रोक या मांत्रिकांच्या बेटावर आलेला सरळमार्गी राजपुत्र. सिनेमात तो सुरुवातीलाच राजवाड्यात बापाच्या पोटात सुरा खुपसतो. का? शेवटपर्यंत धड उत्तर नाही. मग म्हणे त्याच्या मागे सावली लागलीय. ती सावली १९६८च्या पहिल्या पुस्तकातली, मालिकेचा नायक असलेल्या मांत्रिक गेडची. गेडच्या उद्धटपणातून ती जन्मते आणि तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो तेव्हा प्रकरण मिटतं. कुणाचा मुडदा पडत नाही. ते सगळं उचलून भलत्याच पोराच्या गळ्यात बांधलं, आणि शेवटी काय, तर किल्ला, तलवार आणि दुष्ट मांत्रिकाचा खात्मा!

निवांत

असहमत. तो दुष्ट मांत्रिक, कॉब, पुस्तकातही आहे बरं का. तिथेही तोच खलनायक आहे. वाचलंय ना नक्की?

आणि खुद्द ले ग्विनबाई गोरोला काय म्हणाल्या? "हे माझं पुस्तक नाही, हा तुमचा चित्रपट आहे. चांगला चित्रपट आहे." लेखिकेची तक्रार नाही आणि तुम्ही कोण टिकोजीराव?

खडूस_वाचक

कॉब आहे हो. पण तिथे त्याने जिवंत आणि मेलेल्यांच्या जगांमध्ये उघडलेलं दार बंद करायला गेडला आपली सगळी विद्या घालवावी लागते. आयुष्यभराची कमाई देऊन माणूस रिकामा होऊन घरी जातो. सिनेमात गेडला काय मोजावं लागतं?

आणि ते वाक्य बाई खाजगीत बोलल्या होत्या, समोरच्या माणसाशी सभ्यपणे. गोरोने ते आपल्या ब्लॉगवर टाकलं. मग त्यांना सविस्तर लिहावं लागलं की बापाचा खून निष्कारण वाटतो, आणि दुष्टपणा एका खलनायकात कोंबून त्याला मारला की संपलं, हे काही पटत नाही. तेही वाचा की जरा. अर्धं वाक्य सगळे फॉरवर्ड करतात.

निवांत

त्याच लेखात त्यांनी नांगरणी, पाणी शेंदणं, गोठ्यातली कामं या प्रसंगांचं कौतुकही केलंय. ते बरं सोयीस्कर विसरलात!

पोळीभाजी

पिक्चर बापाने करायला हवा होता, एवढाच मुद्दा आहे. १९८०च्या दशकात हायाओंनी हक्क मागितले, तेव्हा बाईंना ते ठाऊक नव्हते. ॲनिमेशन म्हणजे डिस्नी, असं समजून नकार दिला. पुढे हायाओंचा 'टोटोरो' बघितला तेव्हा कळलं की कुणाला नाही म्हटलं. २००५मध्ये होकार दिला तोवर सूत्रं मुलाकडे गेली होती. गोरोचा आधीचा अनुभव काय, तर बागा आखणं आणि मिताकाचं घिबली संग्रहालय सांभाळणं. सिनेमा शून्य. प्रिव्ह्यूला बाप मध्येच उठून सिगारेट ओढायला बाहेर गेला. अजून काय पुरावा हवा?

घराणेशाही, दुसरं काय. आमच्या ऑफिसातही साहेबांचे चिरंजीव थेट मॅनेजर म्हणून आले. पंधरा वर्षं घासलेले आम्ही त्यांना एक्सेल शिकवतोय.

निवांत

तुमच्या चिरंजीवांचा राग गोरोवर का काढताय? पहिलाच सिनेमा, तरी २००६मध्ये जपानी चित्रपटांत सर्वांत जास्त कमाई त्याचीच होती.

पोळीभाजी

कमाईवर दर्जा ठरवायचा तर मग बोलणंच खुंटलं. त्याच वर्षीचा तिकडचा सर्वांत वाईट सिनेमाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला होता.

सांजवात

सगळे बापलेकाचं घेऊन बसलेत आणि मुख्य गोष्ट कुणालाच दिसत नाहीये. गेड गोरा का आहे?

अर्थसीतली बहुतेक माणसं काळी-सावळी आहेत. गेड तांबूस तपकिरी, त्याचा मित्र व्हेच तर काळाकभिन्न. गोरे फक्त कार्गाड बेटांवरचे. बाईंनी हे मुद्दाम केलं होतं. प्रकाशकांनी मुखपृष्ठांवर गेडला गोरा केला, २००४च्या अमेरिकी टीव्ही मालिकेत गोरा नट घेतला, त्यावर त्यांनी जाहीर खरडपट्टी काढली. आणि दोन वर्षांनी हा सिनेमा.

मी पाचवीत असताना गॅदरिंगच्या नाटकात मला राजकन्या केलं होतं. मेकअपवाल्या काकांनी माझ्या चेहऱ्याला पांढरट रंग फासला आणि हात तसेच ठेवले. फोटोत आजही दिसतं, चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे. आईने तो फोटो फ्रेम करून लावलाय. कॉलेजात पहिल्यांदा गेडबद्दल वाचलं तेव्हा मी ते पान परत परत वाचलं होतं. त्यामुळे 'रंगाने काय फरक पडतो' असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगते, पडतो.

ओसाकाकर

दहा वर्षं इथे राहतोय म्हणून बोलतो. सिनेमातला गेड बाकीच्यांपेक्षा सावळाच काढलाय. ॲनिमेमधली माणसं आपल्याला गोरी दिसतात, इथल्या लोकांना ती तशी दिसत नाहीत, ती त्यांना त्यांच्यातलीच वाटतात. ले ग्विननेही हेच लिहिलंय की जपानी प्रेक्षकांना हा गेड आपल्यापेक्षा गडद दिसत असेल, असं त्यांना सांगण्यात आलं. अमेरिकेतला वाद उचलून इथे आणू नका.

सांजवात

त्यापुढे त्यांनी "तसं असेल अशी आशा आहे" म्हटलंय. आशा! खात्री पटली असं नाही.

आणि अमेरिकेतला वाद? लग्नाच्या जाहिराती अमेरिकेत छापतात का 'गोरी, सुस्वरूप' म्हणून?

ओसाकाकर

मी जपानी सिनेमाबद्दल बोलतोय, तुम्ही लग्नाच्या जाहिरातीवर गेलात. यालाच धागा भरकटणं म्हणतात.

सांजवात

तुम्ही गोरे आहात का हो? सहज विचारते.

ओसाकाकर

वैयक्तिक होऊ नका. माझा रंग सांगायला मी इथे आलेलो नाही.

खडूस_वाचक

अहो, भांडू नका. खरं तर मला रंगापेक्षा थेरूचं जास्त लागलं. पुस्तकात त्या पोरीला जाळून मरायला टाकलेलं असतं. एक डोळा गेलेला, अर्धा चेहरा भाजलेला, एका हाताची बोटं आखडून पंजा झालेला. लोक बघवत नाही म्हणून मान फिरवतात. १९९०चं 'तेहानू' हे पुस्तक अख्खं त्या मान फिरवण्यावर उभं आहे. सिनेमात काय? दोन्ही डोळे शाबूत, गालावर एक गुलाबी डाग, त्यावर केस. गोड दिसते. मान फिरवायचं कारणच उरत नाही.

सांजवात

हेच तर! रंग काय, व्रण काय, पडद्यावर आणताना सगळं धुऊनपुसून घ्यायचं. मी वेगळं काय म्हणत होते?

बाळूमामा_पुणे

मंडळी, एक विचारू? हे सगळं मराठीत कधी बघायला मिळणार? जपानी-भारतीय भागीदारीतलं १९९२चं ॲनिमेशन रामायण २०२५मध्ये थिएटरात परत आलं, ते हिंदी, तमिळ, तेलुगूत. आपण काय घोडं मारलं होतं? नातीला घेऊन गेलो, ती मध्येच विचारते, "आजोबा, 'प्रतिज्ञा' म्हणजे काय?"

पोळीभाजी

मामा, प्रतिज्ञा मराठीतही प्रतिज्ञाच. शाळेत रोज म्हणतात.

बाळूमामा_पुणे

तिची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. तो वेगळा विषय आहे, त्यावर मी स्वतंत्र धागा काढणार आहे.

निवांत

काढा, काढा. तोपर्यंत मूळ मुद्दा. काल रात्री नेटफ्लिक्सवर परत लावला. थेरू माळावर उभी राहून गाते आणि आरेन रडतो, तो प्रसंग जर कुणाला भिडत नसेल तर माझ्याकडे औषध नाही. गाणारी आओई तेशिमा तेव्हा अगदी नवी होती, आणि सुरुवातीला मागे एक वाद्य नाही. हे पुस्तकात आहे का? नाही. हे गोरोचं आहे. ते खुनाचं कारण कळत नाही, एवढं तुमचं मान्य. खूश? बाकी काही मान्य नाही.

खडूस_वाचक

गाणं छानच आहे. मग गाण्याचीच सीडी काढायची होती, दोन तास कशाला घेतले?

ओसाकाकर

आता मी बोलू शकतो का, की परत माझा रंग विचारणार?

सांजवात

बोला. पण तो गेड सावळा कुठल्या दृश्यात दिसतो तेवढं नेमकं सांगा, मिनिट-सेकंदासह. मीही नेटफ्लिक्स उघडून बसलेय.