अँजिओप्लास्टीनंतर डुकराचं मांस: कायमचं बंद, की कधीतरी चालेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न बाबांच्या जेवणाचा आहे. अर्धवट माहितीवर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. बाबा ६४ वर्षांचे. ऑगस्टमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट घातला. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, आता कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करणारी गोळीही लागली. शुगर नाही, युरिक अ‍ॅसिड मात्र काठावर आहे. हॉस्पिटलमधून निघताना आहाराचा छापील कागद हातात दिला. त्यात 'रेड मीट पूर्ण बंद' एवढी एकच ओळ. मासे चालतील, कातडी काढलेलं चिकन चालेल, तूप दिवसाला एक चमचा. मी दोन शंका विचारल्या तर 'कागदात सगळं आहे' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तेव्हापासून घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात, डुकराचं मांस रेड मीटमध्ये येतच नाही, शिजल्यावर ते पांढरं होतं. भाऊ रोज व्हिडिओ पाठवतो, त्यांचं म्हणणं असं की चरबीने काहीच होत नाही, सगळा दोष साखरेचा. वहिनीला भीती वेगळीच, डुकराच्या मांसातून मेंदूत जंत जातात आणि फिट येतात. तिच्या माहेरी शेजारच्या मुलाला तसं झालं होतं, त्यामुळे तिची भीती मी उडवून लावू शकत नाही.

आमच्याकडे हे रोजचं खाणं नाही. नाताळ, ईस्टर, लग्नकार्य, आणि मध्ये एखाद्या रविवारी इंद्याल, म्हणजे व्हिनेगर-मसाल्यातलं डुकराचं मांस. पण नाताळचं सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं नि काळजाचं मसालेदार कालवण, बाबांशिवाय होत नाही. आदल्या दिवशी सकाळी ते पाट घेऊन बसतात आणि उकडलेलं मांस नि काळीज बारीक कापत दुपार करतात. मे महिन्यात कुटलेला बाटली मसाला त्यासाठी वेगळा काढून ठेवलेला असतो. परवा ते आईला म्हणाले, "यंदाही मीच कापून देतो. मी खाणार नाही, तुम्ही खा." ते ऐकून मी आत निघून गेले. माणूस घरी सुखरूप आला हे खूप मोठं आहे, तरीही.

तर मला नेमकं कळून घ्यायचं आहे की हे मांस हृदयाच्या पेशंटला मुळातच वर्ज्य आहे, की कुठला भाग, किती आणि कधी यावर ते ठरतं? आणि जंतांचं खरं काय? औषधांबद्दल आम्ही डॉक्टरांचंच ऐकतो, त्याबद्दल प्रश्न नाही.

पथ्यपाणी:

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. रिपोर्ट न पाहता बाबांसाठी 'खा' किंवा 'खाऊ नका' असं मी सांगणार नाही, पण डॉक्टरांशी नीट बोलता यावं एवढी माहिती देते.

आधी रंगाचं. डुकराचं मांस रेड मीटमध्येच धरतात, शिजल्यावर कसंही दिसो. ते पांढरं असल्याचा समज पसरायला अमेरिकेतल्या पोर्क उत्पादकांची १९८७ सालची जाहिरात बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. चिकनला पर्याय म्हणून ते विकायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये रेड मीटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, त्यात डुकराचं मांसही आहे.

पण 'डुकराचं मांस' असा एकच पदार्थ नसतो, आणि तुमच्या कागदातली ओळ तिथेच कमी पडते. पोटाकडचा थराथराचा भाग, ज्याला बेली म्हणतात, त्याच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे ५३ ग्रॅम चरबी असते, त्यातली १९ ग्रॅमच्या आसपास संपृक्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी. बाबांचा आहार १८०० कॅलरीचा धरला, तर संपृक्त चरबीची सर्वसाधारण कमाल मर्यादा दिवसाला २० ग्रॅम. म्हणजे चार-पाच तुकड्यांत दिवसाचा कोटा संपला, आणि हृदयाच्या पेशंटला मर्यादा याहूनही कमी सांगतात. याउलट कण्यालगतचा लांबट तुकडा, टेंडरलॉइन, शिजवून १०० ग्रॅम घेतला तर चरबी जेमतेम ४ ग्रॅम, प्रथिनं २६ ग्रॅमच्या घरात. कातडीसकट चिकनपेक्षा तो कितीतरी हलका. शिवाय बी१ जीवनसत्त्व डुकराच्या मांसाइतकं फार थोड्या पदार्थांत मिळतं. भावाचे व्हिडिओ मात्र बंद करा. स्टेंट घातलेल्या माणसाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवून बघायचं नसतं.

सोरपोतेलमध्ये मला चरबीइतकीच काळजाची चिंता वाटते. शरीरात ज्यापासून युरिक अ‍ॅसिड बनतं ते प्युरिन काळजात भरपूर असतं आणि युरिक अ‍ॅसिड तुम्हीच काठावर सांगितलंय. डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा.

आणि घरात तूप नि खोबरेल किती लागतं तेही बघा. डुकराच्या चरबीत संपृक्त भाग साधारण ४० टक्के, तुपात ६० च्या आसपास, खोबरेल तेलात ८० च्याही वर. वर्षातल्या दोन सणांवर लक्ष ठेवायचं आणि रोजच्या फोडणीकडे बघायचं नाही, असं बऱ्याच घरांत होतं.

सूक्ष्मदर्शी:

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. वहिनींची भीती रास्त आहे, रस्ता मात्र वेगळा आहे.

कच्चट मांसातल्या कृमीच्या अळ्यांच्या गाठी पोटात गेल्या तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतला आजार मांसातल्या त्या गाठींमुळे होत नाही, तो कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. अंडी बाहेर पडतात ती कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, मैल्याच्या पाण्यावर वाढलेली कच्ची भाजी, यांतून ती दुसऱ्याच्या, कधी त्याच माणसाच्या तोंडात जातात. म्हणूनच आयुष्यात मांस न खाल्लेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही मेंदूत अशा गाठी सापडतात. वहिनींच्या शेजारच्या मुलालाही कोबीच्या कोशिंबिरीतून झालं असू शकतं.

मांसापुरतं बोलायचं तर उकिरड्यावर मोकाट फिरलेलं डुक्कर नको, बंदिस्त पाळलेलं आणि तपासलेलं घ्या. आतपर्यंत शिजवा, मधे गुलाबी ठेवू नका. तुमचं सोरपोतेल तर आधी उकडतात आणि मग पुन्हा शिजवतात, त्यात कृमी टिकत नाही. कच्चं मांस कापलेला पाट आणि सुरी धुतल्याशिवाय काकडी-टोमॅटोला लावू नका. घरात हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

मडगांवकार:

बाय, आमच्या घरी पपांची बायपास झाली तेव्हा आम्ही यातूनच गेलो, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे चोरीस, आमचे गोव्याचे सॉसेज, बंद केले. पावसाळ्याच्या पुरुमेंतात, म्हणजे बेगमीच्या साठ्यात, सॉसेजच्या माळा टांगलेलं आमचं घर, वाईट वाटलं. पण मीठ लावून, व्हिनेगरमध्ये मुरवून सुकवलेलं मांस हे प्रक्रिया केलेलंच मांस, मग ते आईने घरी केलेलं का असेना. बीपीच्या माणसाला त्यातलं मीठच भारी पडतं. त्याबाबतीत पपांना आम्ही सूट दिली नाही.

सोरपोतेल सोडलं नाही. कातडी आणि चरबीचे थर कापतानाच काढतो, मांडीचं मांस जास्त घेतो, काळीज अगदी थोडं. दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवलं की चरबी वर पांढरी गोठते. ती चमच्याने उचलून टाकायची आणि मग गरम करायचं. मसाल्याची नि व्हिनेगरची चव तशीच राहते, तिसऱ्या दिवशी तर जास्तच लागते. पपा एक लहान वाटी घेतात, दोन सान्नांबरोबर (तांदळाच्या वाफवलेल्या इडल्यांसारख्या), सोबत भरपूर सॅलड. दुसरी वाटी मागत नाहीत, कारण पहिली कोणी हिसकावलेली नसते.

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कार्डिओलॉजिस्टना फॉलोअपला भेटलो. तुम्ही दिलेली माहिती कागदावर लिहून नेली होती. त्यांनी एलडीएल पाहिलं, बरंच उतरलंय. ते म्हणाले, नाताळच्या दिवशी दुपारी एक लहान वाटी चालेल, चरबी काढून, काळीज न घालता. चोरीस आणि बेकन कायमचं बंद. एरवी महिन्यातून एकदा, तेही चरबी नसलेला भाग, तळहाताएवढा. जानेवारीत पुन्हा रक्त तपासायचं आणि मग पुढचं ठरवायचं.

वहिनीने काल रात्रीच भाज्यांसाठी वेगळा पाट आणला. आई काळजाशिवाय सोरपोतेल करायला तयार नव्हती, शेवटी दोन पातेली करायचं ठरलं.

एक शेवटचा प्रश्न. जानेवारीतल्या रविवारी इंद्याल करायचं म्हटलं तर टेंडरलॉइन चालेल का? बाबा म्हणतात, ते चिंध्यांसारखं कोरडं होईल.

मडगांवकार:

बाबा बरोबर आहेत. टेंडरलॉइन जास्त वेळ शिजवलं की सुकतं, ते पातळ कापून तव्यावर झटपट करायचं. इंद्यालाला मांडीचं मांस घे, वरची चरबी काढ, रात्रभर मसाल्यात ठेव आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजव. मीठ नेहमीपेक्षा निम्मं घाल, व्हिनेगर असल्यामुळे कमी वाटत नाही. कापायला बाबांनाच बसव.